हिरव्या झाकणाची कॅसेट

वैशाखरे, ता. मुरबाड
१४ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. कमळ,

नणंद-भावजयीत पत्रं कशाला, निरोप पुरतो, असं तुला वाटेल. पण निरोप दहा तोंडांतून जातो, आणि मला जे मागायचं आहे ते दहा जणांनी ऐकायला नको.

हे गेले त्याला आज चार महिने झाले. तू पाठवलेल्या पिशवीतलं सगळं जागच्या जागी लागलं. दोन पँटी, सदरे, चष्मा, घड्याळ. एक वस्तू मात्र आली नाही. तो कंप्युटर.

वहिनीला कंप्युटर कशाला, असं म्हणू नकोस. तो काय आहे ते मला ठाऊक आहे. दर शनिवारी हे घरी आले की त्याचंच सांगायचे. दहा-बारा वर्षांपूर्वी विलायतेत निघाला, घरच्या टीव्हीला जोडून खेळ खेळायचा. स्पेक्ट्रम त्याचं नाव. काळा, वहीएवढा, बटणं खोडरबरासारखी मऊ. तिकडे शाळकरी पोरांनी घरात बसून त्याच्यासाठी खेळ लिहिले आणि दुकानांतून विकले. आपल्याकडे थोडे आले, आले तोवर जुने झाले. बदली झालेल्या साहेबांनी जाताना तो नि डबाभर कॅसेटी ह्यांना देऊन टाकल्या. हे सगळं मी चुलीपुढे बसून ऐकलं. बघितलास तू. रंगीत टीव्ही तुझ्या क्वार्टरमध्ये, म्हणून कंप्युटर तुझ्याकडे राहिला. आणि धरणावरची ड्युटी संपली की हेही तिथेच राहिले, तुझ्या हातचं जेवले, झोपायला तेवढे आपल्या खोलीवर गेले.

ती तीन वर्षं मी इथे तुझ्या आईची कूस बदलत होते. अंग गेलेलं माणूस टाकून मला कॉलनीत येता आलं नाही, हे तुला सांगायला नको. ह्यांच्या त्या तीन वर्षांच्या संध्याकाळी त्या काळ्या डब्यात आहेत. त्या मला पाहिजेत.

जैतू टेम्पो घेऊन तिकडे येतो. त्याच्याकडे दे. फडक्यात बांधून दे.

आई आहेत तशाच आहेत. तुझी आठवण काढतात.

देवकी

*

भातसानगर, ता. शहापूर
३ मार्च १९९४

ती. देवकीवहिनींना कमळचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुमचं अक्षर पाहून बरं वाटलं. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून तुम्ही वाचायला शिकलात, हे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आम्ही सातवी पास, आमचं कौतुक कुणाला.

तुम्ही मागितलंत त्याचा राग नाही. पण वहिनी, ती वस्तू दादाने मला भाऊबीजेला घातली. एक्याण्णवच्या दिवाळीत मी ओवाळलं आणि त्याने ती ताटात ठेवली. ओवाळणीत पडलेली वस्तू परत मागू नये आणि मागितली तरी देऊ नये, हे आपल्याकडचं तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नाही. दुसरं काहीही मागा. त्याची शाल माझ्याकडे आहे, ती जैतूबरोबर देते.

आणि तो आता चालतही नाही. रुचिताचे पप्पा म्हणतात आत ओल गेली.

आईला सांभाळा. मी चैत्रात येऊन जाईन.

कमळ

*

वैशाखरे
११ मार्च १९९४

कमळ,

खोटं बोलायला दुसरी दिवाळी घ्यायची होतीस.

एक्याण्णवला वसुबारसेच्या आदल्या दिवशी थोरले चुलते गेले. भाऊबीजेला आम्हाला सुतक होतं. दारात कंदील नाही, पणती नाही, हे दाढी वाढवून ओट्यावर बसलेले. तू सासरची, तुला त्यांचं सुतक नाही, म्हणून फराळाचा डबा घेऊन आलीस. आईंनी पडल्या पडल्या हात हलवून तो परत न्यायला सांगितलं आणि तू पायरीवर बसून रडलीस. डोळे धुवायला पाणी मीच दिलं. सुतकातल्या भावाला तू कधी ओवाळलंस? ताट कुणी धरलं?

आता ऐक. बोलणार नव्हते, पण तू भाग पाडलंस.

हे शनिवारी यायचे ते तुझंच घेऊन यायचे. कमळने आज खेळात सातवा मजला गाठला. कमळचा हात बघण्यासारखा आहे, इंजिनीअरांची पोरं दारात उभी राहून बघतात. मी ताट वाढत असायचे. आठवड्यात मी एखादं पुस्तक वाचलेलं असायचं, मुरबाडच्या वाचनालयातून ह्यांनीच आणलेलं. ते मी सांगायला लागले की हे हूं हूं म्हणायचे आणि बोटं मांडीवर चालत असायची, बटणं दाबल्यासारखी. मी गोष्ट अर्ध्यात सोडली तरी ह्यांना कळायचं नाही. एकदा मी म्हटलं, मलाही न्या, बघू तरी काय आहे. तर हसून म्हणाले, "थांब गो. तुझ्यासाठी येगळा चाललाय." काय वेगळा चाललाय ते सांगितलं नाही. मी समजायचं ते समजले.

आठ दिवस ह्यांना ताप होता. डोळे पिवळे झाले तरी तू मला कळवलं नाहीस. मधल्या शनिवारी आले नाहीत, तर ड्युटी लागली असेल असं मी समजले. गुरुवारी दुपारी गेले. शेवटचं पाणी तू पाजलंस. मला तोंड दिसलं ते शुक्रवारी.

नवरा माझा होता, कमळ. माझ्या वाट्याला शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ आली. बाकीचा सगळा आठवडा तुझा. आता डबासुद्धा तुझा.

शाल नको. जैतूबरोबर परत पाठवली आहे.

देवकी

*

भातसानगर
२० जून १९९४

ती. वहिनी,

तीन महिने पत्र लिहायला बसत होते आणि उठत होते.

ओवाळणीचं खोटं. ओल गेली तेही खोटं. तो चालतो. रोज दुपारी, भांडी झाली की मी लावते. टेपरेकॉर्डरवर कॅसेट घालायची, पाच मिनिटं ती किंचाळते, टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावतात आणि मग खेळ येतो. माझ्या आयुष्यात मी कशात पहिली आले असेन तर त्यात. घरात मी एकटी, हे शिफ्टवर, पोर शाळेत, बाहेर पाणीच पाणी. ती वस्तू तुम्ही मागितलीत तेव्हा मला वाटलं, हिच्याकडे सगळं आहे, हेही हिला कशाला.

तापाचं सांगते. दादाच म्हणाला, "तिला नको कळवू, आईला कोण बघंल?" हे खरं आहे. पण मीही जोर केला नाही. आठ दिवस माझा भाऊ माझ्याकडे आहे, असं मला वाटलं. कावीळ इतकी चढेल असं वाटलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता तुमचा तो वेगळा खेळ. दोन वर्षं दादा तोच लिहीत होता. शनिवारी दुपारी एक माणूस धरणावरून निघतो आणि वैशाखऱ्याला घरी जातो. शहापूरचं स्टँड, काळू नदीचा पूल, मुरबाडचा बाजार, मोकाट बैल, सुटलेली एस.टी. दादा पाण्याच्या पातळीच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहून आणायचा, वाचून दाखवायचा आणि मी बटणं दाबायची. एकेका बटणावर चार-चार शब्द, माझी बोटं त्यावर बसली होती. ओळ चुकली की माझीच बोटं शोधून काढायची. आणि सगळा वेळ एकच. "देवकीला हे कळंल का? देवकीला हे जड जाईल, पूल जरा रुंद कर." मी एकदा विचारलं, दादा, यात मी कुठे? तर म्हणाला, "तू कुठं म्हंजे? तू खेळणारी." त्या रात्री मी जेवले नाही.

तो खेळ हिरव्या झाकणाच्या कॅसेटमध्ये आहे. ताप यायच्या आदल्या रविवारी तुम्हाला दाखवायला न्यायची म्हणून दादाने ती पिशवीत टाकली. त्याच पिशवीत मी कपडे घालून तुमच्याकडे पाठवले. कॅसेट तुमच्याकडेच आहे. माझ्याकडे असती तर मी दिली नसती, यावरून काय ते समजा.

साध्या टेपवर लावू नका. नुसता कर्कश आवाज येतो, बिघडली असं वाटेल.

कंप्युटर हवा असेल तर जैतूला पाठवा. देते.

कमळ

*

वैशाखरे
८ जुलै १९९४

पिशवीत कपडे होते, चष्मा होता, घड्याळ होतं. हिरव्या झाकणाची कॅसेट नव्हती. असती तर मला दिसली असती.

तू सांगतेस तसा खेळ होता यावर माझा विश्वास नाही. माझी समजूत काढायला तू तो रचलास, नाहीतर कॅसेट ठेवून घेतलीस. दोन्हींत फारसा फरक नाही.

कंप्युटर राहू दे तुझ्याकडे. रिकामा डबा मला नको.

देवकी

*

शहापूर
५ जानेवारी २००१

ती. वहिनी,

साडेसहा वर्षांनी लिहिते आहे. मधे आई गेली तेव्हा दहा दिवस एका घरात राहिलो, पण भाताची पेज किती शिजवायची याच्यापलीकडे बोललो नाही. रुचिताच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत. मी मुलीला काय सांगायचं?

तरी लिहिलं नसतं. परवा भावकीतल्या बारशाला मैनाआत्या चार बायकांत म्हणाल्या, "भावाची शेवटची खूण हिनं चुलीत घातली, भावजयीला मिळू नये म्हणून." मैनाआत्यांनी हे स्वप्नात पाहिलं नाही. हे वैशाखऱ्याहून आलं. मी वाढलेलं ताट ठेवून उठले आणि चालत स्टँडवर आले.

हे रिटायर झाले. कॉलनी सोडून आम्ही शहापुरात घर घेतलं. आवरताना मी प्रत्येक कॅसेट बघितली, रिकाम्यासुद्धा. रुचिता इथल्या कंप्युटर क्लासमध्ये शिकवते. ती म्हणते, तो काळा डबा तिकडे लोकांनी अजून जपून ठेवला आहे. त्याच्यासाठी हौसेने नवे खेळ लिहितात आणि जुने आजच्या मोठ्या कंप्युटरवर चालवतात. मी खेळायचे त्यांतले बहुतेक तिने मला काढून दाखवले. एक तेवढा जगात कुठे नाही.

रुचिताच्या गळ्याची शपथ घेऊन सांगते, चष्म्याच्या घराशेजारी मी ती स्वतःच्या हाताने ठेवली होती. मला तुमच्याकडून काही नको. एवढंच लिहून पाठवा, की कमळने जाळली नाही.

कमळ

*

वैशाखरे
२६ जानेवारी २००१

चि. सौ. कमळ,

कमळने जाळली नाही.

कॅसेट पिशवीत होती, चष्म्याच्या घराशेजारीच. ह्यांच्या अक्षरात काही लिहिलेलं नव्हतं. ह्यांचा आवाज असेल म्हणून मी आशेने टेपवर लावली. असा आवाज आला की मी घाबरून बंद केली. वाटलं, बिघडलेली कॅसेट. त्याच पौषात ताराबाई आली, आपली धवले गाणारी. लग्नातले जुने धवले तिच्याशिवाय कुणाला येत नाहीत आणि तिला दम लागायला लागला होता. घरात कोरी कॅसेट नव्हती. मी तिला म्हटलं, गा, यात भरून ठेवते.

मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधी महिनाभरची ही गोष्ट.

तुझं जूनचं पत्र आलं तेव्हा मी कॅसेट हातात घेऊन ओट्यावर बसले. आईंनी दोनदा हाक मारली तरी उठले नाही. दोन वर्षं माझ्यासाठी लिहिलेलं मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. आणि ते तू पाहिलं होतंस, मी नाही. हे मला सोसेना. तू चोर ठरलीस तर मला सोसण्यासारखं होतं. म्हणून तसं लिहिलं, आणि मग बोललेसुद्धा. एकदा बोललं की दरवर्षी थोडं पुढे न्यावं लागतं. जाळल्याचं शेवटी शेवटी आलं.

मैनाआत्यांकडे काल जाऊन आले. चार बायका बसलेल्या असतानाच सांगितलं, मुद्दाम. त्यांनी चहा दिला नाही. बरोबर केलं.

आणखी एक आहे. ताराबाई मार्गशीर्षात गेली. तिच्या सुनेने तिचा आवाज मागितला म्हणून मी कॅसेट लावली. धवला संपला, मी त्या वेळी बटण बंद केल्याचा खट आवाज आला, आणि पुढे सात-आठ सेकंद ते किंचाळणं आहे. मग कोरी. शेवटचा तुकडा राहिला आहे.

माफी मागत नाही. मागून तुझी साडेसहा वर्षं परत येणार नाहीत.

देवकी

*

शहापूर
२ फेब्रुवारी २००२

ती. वहिनी,

वर्षभर उत्तर दिलं नाही. पहिले तीन महिने रागात गेले. उरलेले नऊ कामात.

दादाने वाचून दाखवलेली प्रत्येक ओळ मी दाबली होती. डोक्यात काही नव्हतं, पण डबा टीव्हीला जोडून बसले की बोटांना आठवत होतं. पूल आधी आठवला, मग बैल. बैल दोनदा चुकला, उलटा चालायला लागला. रुचिता म्हणाली, आई, मी क्लासमधल्या कंप्युटरवर सोप्यात करून देते. मी म्हटलं, याच डब्यावर झालं पाहिजे, याच बटणांनी. दिवाळीनंतर तो माणूस पहिल्यांदा मुरबाडच्या पुढे गेला.

जैतूबरोबर सगळं पाठवते आहे. कंप्युटर, त्याचा गरम होणारा ठोकळा, वायरी, टेप, कॅसेट. हात लावायला शिकायचं तर मी येते. म्हणाल तेव्हा येते.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते. दारापर्यंतच आहे. माणूस घराच्या दारात पोचला की पडदा काळा होतो आणि पुन्हा धरण येतं. दादाने मला तेवढंच दाखवलं. "फुडचं तिचं," म्हणायचा. त्या शेवटच्या रविवारी त्याने मला चहा करायला आत पाठवलं आणि एका बोटाने अर्धा तास काहीतरी स्वतःच दाबत बसला. मी ओट्याशी उभी राहून ऐकलं. त्याच्या चहात मी साखर घातली नाही. तो बिनसाखरेचा प्यायला, त्याला कळलंही नाही.

तुमच्याकडचा तुकडा मशीन घेणार नाही. सुरुवात नसली की ते शेवट ऐकत नाही, नुसतं थांबून राहतं. रुचिता म्हणते, दारामागे आपणच काहीतरी घालू. दिवा लावलेली बाई वगैरे. तुम्ही म्हणाल तसं.

कमळ

*

वैशाखरे
११ मे २००२

चि. सौ. कमळ,

दारामागे काही घालू नका.

तू येऊन शिकवतेस हे मी वाचलं. येऊ नकोस. जैतूने वायरी जोडून दिल्या, बाकीचं माझं मी बघितलं. आमचा टीव्ही काळा-पांढरा, तुझे रंगीत पट्टे मला राखाडीच दिसतात. तुमच्या कॉलनीत लाइट जात नव्हता. इथे माणूस पुलावर असताना जातो, की पुन्हा पहिल्यापासून कॅसेट किंचाळवायची. शेजारणी म्हणतात, देवकीच्या घरात कोंबडं कापतात.

पहिले आठ दिवस तो शहापूरच्या स्टँडवरच मेला. मग पुलावरून पडत राहिला. पूल ह्यांनी माझ्यासाठी रुंद केला होता म्हणतेस. अरुंद होता तेव्हा तू कशी गेलीस देव जाणे. बैलाने तर महिना खाल्ला. एकदा वाटलं, तू बैल मुद्दाम अवघड केला असशील. मग वाटलं, ह्यांनाच बैलाची भीती होती, ह्यांचाच असणार.

काल दुपारी पोचला. वैशाखऱ्याचा फाटा, आपली चिंच, ओटा, दार. ओटा चार चौकोनांचा आहे, पण डाव्या अंगाला एक पायरी खचलेली दाखवली आहे, ती आपलीच. दार उघडलं आणि पडदा काळा झाला. मग पुन्हा धरण.

तू त्याला हजार वेळा घरी आणलं असशील. मी एकदा आणला.

रुचिताला विचार. मशीन शेवट ऐकत नाही, पण माणसाला तो वाचता येईल का?

देवकी

*

शहापूर
३० जून २००२

ती. वहिनी,

रुचिताने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. ती तुमची कॅसेट तिच्या कंप्युटरला ऐकवेल, की आवाजाच्या लाटा पडद्यावर दिसतात. काही लाटा आखूड, काही लांब. आठ लाटा मिळून एक अक्षर होतं. कुठल्या आठांचं कुठलं अक्षर त्याचा तक्ता ठरलेला आहे. सुरुवात गेली असल्यामुळे अक्षर कुठे सुरू होतं ते कळत नाही, म्हणून शेवटून आठ-आठ मोजत मागे यायचं. दादाने मराठीच लिहिलं असणार, पण इंग्रजी अक्षरांत, डब्याला तेवढीच येतात.

ती म्हणते, मला तासाभराचं काम आहे, वाचून मामीला फोनवर सांगते.

मी तिला थांब म्हटलं. आधी तुम्हाला विचारते. कॅसेट कुणाबरोबर पाठवू नका, स्वतः घेऊन या. जेवायला काय करू ते कळवा.

कमळ

*

वैशाखरे
१९ फेब्रुवारी २००३

चि. सौ. कमळ,

तुझ्या हातची सुकटीची चटणी ह्यांना का आवडायची ते कॅसेट घेऊन आले त्या दिवशी कळलं. तोंडावर सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

रुचिता तासाभरात वाचून देणार होती. मी म्हटलं, तू वाचायचं नाही, मला लाटांचे कागद काढून दे आणि तक्ता दे. ती हसली. म्हणाली, "मामी, अकरा-बारा हजार लाटा आहेत. डोळे जातील." तू तेव्हा तिला म्हणालीस, "दे तिला." तुझा चेहरा बघून मला कळलं की तुलाही वाचायचं होतं आणि तू स्वतःला धरून ठेवलं होतंस. मला त्याचं बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

त्रेपन्न कागद निघाले. मी वाचायला शिकले ती कुणी न शिकवता, तेव्हा या आठ-आठ लाटांचं मला भय वाटलं नाही. आखूड लाटेला शून्य, लांब लाटेला रेघ, खाली पेन्सिलीने. भात झोडून झालं तेव्हा बसले. शेवटून सुरुवात केली. आधी नुसते आकडे लागले, त्यांचा काही अर्थ लागेना. दोन वेळा एक लाट जास्त मोजली आणि आठवडा फुकट गेला. मग एका सकाळी अक्षर लागलं. एल. त्याच्या मागे ए. मग एम, ए, के.

उलटं वाचायचं, सरळ करायचं. सरळ केलं तर तुझं नाव.

माझ्या दारामागे सगळ्यांत शेवटी तुझं नाव. मी तक्ता मिटला, कागद फडताळात टाकले आणि महिनाभर तिकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, इथेही तीच. मेल्यावरही तीच. तुला पत्र लिहायला घेतलं होतं, चांगलं झालं पाठवलं नाही. तुझ्या बापाच्या घरापासून सुरुवात केली होती.

संक्रांतीनंतर कागद पुन्हा काढले. अर्धं वाचून राग धरायचा तर सगळं वाचून तरी धरावा. तुझ्या नावाच्या मागे आणखी दोन शब्द होते. त्यांना बारा दिवस लागले. सगळी ओळ अशी आहे:

TILA SHIKAV KAMAL

तिला शिकव, कमळ. तू माझ्या शेजारी बसलेली असशील असं ह्यांनी धरलं होतं. माझं माणूस घरी पोचेल, दार उघडेल, आणि मी वळून तुझ्याकडे बघेन, असं काहीतरी ह्यांच्या डोक्यात असणार. आपल्या दोघींना ते ओळखत नव्हते असं म्हणावं, की फार ओळखत होते, मला ठरवता येत नाही.

त्या ओळीच्या आधी आणखी एक ओळ आहे. ती तीन दिवसांपूर्वी लागली. ती तुला सांगणार नाही. रुचितालाही विचारू नकोस, तिने दुसरी प्रत काढून ठेवली असेल तर ती मला आणून दे. त्याच्या आधीचे कागद अजून राहिले आहेत, ते माझे मी वाचत राहीन.

राग गेलेला नाही. तुझ्या तीन वर्षांचा हेवा मला मरेपर्यंत वाटणार. पण लिहिलंय तसं केलं पाहिजे. बैल मला फक्त तीनदा चुकवता आला आहे, आणि तू म्हणे त्याच्या शिंगाखालून जायचीस.

शनिवारी ये. दुपारची मुरबाडहून निघणारी गाडी धर, ती फाट्यावर थांबते. शेजारी बसून तोंडाने सांगायचं. बटणांना हात लावायचा नाही.

देवकी